खिडकीतली भाजी: वाचकांचे प्रश्न

दादरला चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी नाही, दक्षिणेकडच्या खिडकीला ग्रिल आहे. तुळशीखेरीज आजवर काही लावलेलं नाही. टोमॅटो आणि भोपळी मिरचीपासून सुरुवात करू का?

या दोन्ही आत्ता नकोत. फळ धरायला झाडाला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं, म्हणून पहिलं वर्ष पाल्यालाच द्या.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला ग्रिलमध्ये ऊन आहे का ते पाहून लिहून ठेवा. दक्षिणेच्या खिडकीची एक गंमत असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे ऊन पार खोलीत येतं. पण मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो आणि ग्रिलमध्ये थेट ऊन जवळजवळ पोचत नाही. डिसेंबरात तरारलेलं झाड जूनमध्ये मलूल झालं, की लोक खत कमी पडलं समजून आणखी खत घालतात आणि मुळं जाळतात. तुमचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

पहिली भाजी मेथी. बाजारात छोट्या जुड्यांची समुद्रमेथी मिळते, तीच घरी करायची. साधारण 30 बाय 20 सेंटिमीटरचा, 8 सेंटिमीटर खोल ट्रे घ्या आणि बुडाला सात-आठ भोकं पाडा. डब्यातले दोन-तीन मोठे चमचे मेथीदाणे रात्रभर भिजवा. सकाळी ते ओल्या मातीवर दाट पसरा, वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरा आणि ओलं फडकं टाका. दोन-तीन दिवसांत कोंब वर आले की फडकं त्याच दिवशी काढा. एक दिवस जास्त राहिलं तरी कोंब पिवळे आणि लांबुळके होतात. दहा-बारा दिवसांनी मुळासकट उपटा. पुढच्या खेपेला वरची माती बदला.

मातीसाठी चार भाग लाल माती, तीन भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, आणि दर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. नुसती लाल माती भरली तर ती चार पाण्यांत विटेसारखी घट्ट बसते, पाणी कडेने निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. वजनाचाही विचार करा. 12 इंची कुंडी ओली झाली की सहज 15 ते 20 किलो भरते. जुन्या, गंजलेल्या ग्रिलवर अशी कुंडी ठेवू नका, खाली माणसं चालतात.

कोथिंबीर तीनदा लावली. दोनदा उगवलीच नाही, एकदा उगवली ती बोटभर होऊन आडवी पडली. कुठे चुकतंय? (कांदिवली)

चूक बहुधा एक नाही, तीन-चार आहेत.

पहिली बियाण्याची. स्वयंपाकघरातले धणे जुने असले तर उगवत नाहीत. वीस धणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठ-दहा दिवसांत दहालाही मोड आले नाहीत तर ते आमटीला वापरा आणि बियाण्याच्या दुकानातून ताजे आणा. दुसरी, अख्खा धणा पेरण्याची. एका धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर धणे ठेवून लाटणं हलक्या हाताने फिरवा. दोन फाका सुट्या व्हायला हव्यात, भरड होता कामा नये. मग आठ-दहा तास भिजवून एक सेंटिमीटर खोल पेरा. यापेक्षा खोल गेली तर कोंब वर येईपर्यंत दमतो.

उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघण्याचा मोह आवरा. या काळात मातीचा वरचा थर एकदाही सुकू द्यायचा नाही, पण मगाने पाणी ओतायचं नाही, फवाऱ्याने द्यायचं.

तिसरी चूक उजेडाची किंवा पाण्याची. आडवी पडली ती उजेड कमी पडल्यामुळे किंवा मर रोगामुळे. देठ मातीलगत बारीक आणि तपकिरी झाला असेल तर तो मर रोग, म्हणजे पाणी जास्त आणि पेरणी दाट. देठ पांढुरका, लांब, पण निरोगी असेल तर कुंडी उन्हात सरकवा.

चौथी चूक हंगामाची. उकाड्यात कोथिंबीर पानं धरायची सोडून फुलावर जाते. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी थोडी-थोडी पेरा. कुंडी निदान 15 सेंटिमीटर खोल हवी, कारण मूळ सरळ खाली जातं. त्याच कारणाने रोपं उपटून दुसरीकडे लावली तर जगत नाहीत. पाचेक आठवड्यांनी बाहेरचे देठ कापा, मधला कोंब ठेवा.

बाजारातला पुदिना मातीत खोचला की कुजतो. (परळ)

आधी मुळं फोडून घ्या. जाड देठाची काडी निवडून पेराच्या लगेच खाली 10 सेंटिमीटर कापा, खालची पानं काढा आणि पेलाभर नाही, तीन बोटं पाण्यात उभी ठेवा. पाणी रोज बदला. पान पाण्यात बुडालं की कुजणं तिथूनच सुरू होतं. सात-दहा दिवसांत मुळं दिसली की पसरट कुंडीत लावा. पुदिना आडवा पळतो, त्याला खोली नको, रुंदी हवी. दुपारची सावली त्याला मानवते.

मिरचीला फुलं येतात आणि गळतात. पानंही मुरडली आहेत. (मुलुंड)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. फुलं गळतात ती कडक ऊन, पाण्याची ओढाताण किंवा नत्राचं खत जास्त झाल्यामुळे. पानं गडद हिरवी आणि फळ नाही, असं असेल तर महिनाभर खत बंद ठेवा. फुलं उमलली की सकाळी फांदीला टिचकी मारा, बंद बाल्कनीत वारा पुरेसा नसतो.

मुरडलेलं पान उलटं करून भिंगाने बघा. कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे (रस शोषणारे बारीक किडे), खाली वळल्या असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी सूक्ष्म जीव). मुरडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. फुलकिड्यांसाठी एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 मिली पातळ साबण नीट घुसळा आणि पानांच्या खालून, संध्याकाळी, दर सहा-सात दिवसांनी तीनदा फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. कोळ्यांसाठी पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. मात्र तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे जाऊ द्या. इतकं करूनही नवी पानं बारीक, पिवळसर आणि मुरडलेलीच येत असतील तर तो विषाणू आहे. झाड उपटा, शेजारच्या कुंड्या वाचतील.

पावसाळ्यात काहीच टिकत नाही. काय लावावं? (चेंबूर)

मेथी-कोथिंबिरीचा हट्ट सोडा. वडीच्या काळसर देठाच्या अळूचा कांदा जूनच्या पहिल्या पावसात 14 इंची कुंडीत बोटभर खोल लावा. निथळत्या पावसात तेच खुलतं. बाहेरची पानं कापत जा, मधली दोन-तीन कायम ठेवा. मायाळूची काडी मातीत खोचली तरी लागते, फक्त चढायला सुतळी द्या. गवती चहाच्या बुंध्याचे फुटवे मुळासकट वेगळे करून लावा. आणि पावसाळाभर कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा: आठवडाभर साठलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची पैदास होते.