वाचक विचारतात : अभिप्रायाचा फॉर्म

सत्र संपत आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतील बरीचशी पत्रे एकाच विषयावर असतात : विद्यार्थ्यांनी शिक्षकांविषयी आणि अभ्यासक्रमाविषयी द्यावयाचा अभिप्राय. फॉर्म भरणारे, ज्यांच्याविषयी तो भरला जातो ते आणि तो गोळा करणारे अशा तिन्ही बाजूंनी या वेळी पत्रे आली आहेत. त्यांतील चार पत्रे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : मी तृतीय वर्ष बीएस्सीला आहे. सत्राच्या शेवटी विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुगल फॉर्म येतो आणि सोबत सूचना असते की, आज पाचपर्यंत भरला नाही तर हॉल तिकिटावर सही मिळणार नाही. फॉर्ममध्ये नाव आणि हजेरी क्रमांक सक्तीचे आहेत. अंतर्गत गुण याच शिक्षकांच्या हातात असल्याने आम्ही सगळे डोळे झाकून ‘उत्कृष्ट’वर टिचकी मारतो. एका विषयात मात्र आमचे खरोखर नुकसान होत आहे. खरे लिहावे का?
– एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्ही सांगता त्या परिस्थितीत साठ मुलांनी ‘उत्कृष्ट’ लिहिले, यात मुलांचा दोष मला दिसत नाही. ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याच्याविषयी, आपले नाव लिहून आणि हॉल तिकीट अडकलेले असताना मत द्यायला सांगितले, तर कोणीही शहाणा माणूस तेच करील. असा फॉर्म भरून घेणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. फाइलला कागद लागतो म्हणून तो भरून घेतला जातो.

प्रथम एक फरक लक्षात घ्या. तुमच्या महाविद्यालयाचा अंतर्गत फॉर्म वेगळा आणि नॅकचे, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे, विद्यार्थी समाधान सर्वेक्षण वेगळे. २०१७ पासून लागू झालेल्या मूल्यांकन पद्धतीत नॅकने हे सर्वेक्षण आणले. त्यात महाविद्यालय केवळ विद्यार्थ्यांची यादी पुरवते आणि एकवीस प्रश्नांची प्रश्नावली परिषदेकडून थेट विद्यार्थ्यांच्या ई-मेलवर येते. पहिलाच प्रश्न अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवून झाला असा आहे, आणि त्याला टक्क्यांत पर्याय दिलेले आहेत. एकविसाव्या प्रश्नात सुधारणेसाठी तीन सूचना स्वतःच्या शब्दांत लिहायच्या असतात. ती ई-मेल आली तर ग्रुपवर ‘सर्वांनी ४ द्या’, म्हणजे सर्वोच्च गुण द्या, असा निरोप फिरत असला तरी आपल्याला जे दिसले तेच लिहावे, कारण ते उत्तर तुमच्या विभागाच्या टेबलावरून जात नाही.

अंतर्गत फॉर्मविषयी सांगायचे तर नाव विचारलेले नसले म्हणजे निनावीपणा मिळाला असे समजू नका. ई-मेल पत्ता नोंदवला जाणार असेल तर गुगल फॉर्म तसे वरच्या बाजूला दाखवतो, तेवढे वाचून पुढे जावे. शिवाय एखाद्या विषयाला नऊच मुले असतील, तर भाषेच्या वळणावरूनही कोण बोलते आहे ते शिक्षकांना कळते. म्हणून अशा ठिकाणी माणसाविषयी न लिहिता घडलेल्या गोष्टीविषयी लिहावे. ‘सर नीट शिकवत नाहीत’ या वाक्याचा कोणालाच उपयोग होत नाही, आणि त्याचा राग मात्र येतो. त्याऐवजी ‘फळ्यावरची सिद्धता आम्ही उतरवून घेण्याआधीच पुसली जाते, त्यामुळे शेवटच्या तीन बाकांवरील मुलांच्या वह्यांत ती अर्धीच राहते’ असे लिहिले, तर ते वाचणारा शिक्षक दुसऱ्या दिवशी डस्टर उचलताना निदान एकदा मागे वळून पाहील. तास किती झाले, कोणते प्रकरण राहिले, प्रात्यक्षिकाचे जर्नल किती दिवसांनी तपासून मिळाले, या गोष्टी विद्यार्थ्याइतक्या कोणालाच ठाऊक नसतात. त्यात कोणाचा अपमानही नसतो.

जे नुकसान होत आहे ते मोठे असेल, म्हणजे तासच होत नसतील, तर फॉर्मची वाट पाहू नका. वर्ग प्रतिनिधींमार्फत दहा-पंधरा जणांच्या सह्यांचा अर्ज विभागप्रमुखांकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. त्याच अर्जात आणखी एक मागणी जरूर करावी : अंतर्गत गुण परीक्षा विभागात जमा झाल्यानंतरच फॉर्म खुला करावा आणि नावाची सक्ती काढावी. याला एक रुपयाही खर्च येत नाही, त्यामुळे नकार देताना कारण शोधावे लागेल.

प्रश्न : आमच्या एका सरांनी फॉर्म भरण्याच्या दिवशी वर्गाला समोसे दिले. मुले म्हणतात त्यात काय बिघडले? मला ते खटकले. मी उगाच ताणतो आहे का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : ताणत नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अभिप्राय भरण्यापूर्वी काही वर्गांना चॉकलेट देण्यात आले आणि काहींना नाही. चॉकलेट मिळालेल्या वर्गांनी शिक्षकांना अधिक गुण दिले. गंमत अशी की चॉकलेट शिक्षकाने दिलेलेच नव्हते, फॉर्म वाटायला आलेल्या माणसाने दिले होते. तेव्हा सरांचा हेतू निर्मळ असला तरी समोशाने आपले काम केलेच असणार.

प्रश्न : मी एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवते. गेल्या सत्रात मला विद्यार्थ्यांकडून ५ पैकी ३.१ सरासरी मिळाली. शेजारच्या वर्गात वर्षानुवर्षे त्याच वहीतून नोट्स सांगणाऱ्या सरांना ४.६ मिळाली. शीट मागून पाहिली तेव्हा साठपैकी चौदा जणांनीच फॉर्म भरल्याचे दिसले. दहा जणांनी ४ आणि चौघांनी १ दिला होता. लेखी शेऱ्यांत ‘फार भरभर शिकवतात’, ‘नोट्स देत नाहीत’ आणि ‘मॅडमनी साडी नेसून यावे’ असे होते. पुढील नेमणुकीच्या मुलाखतीत हा आकडा माझ्यासमोर ठेवला जाणार आहे. मी काय सांगावे?
– एक सहायक प्राध्यापिका, मराठवाडा

उत्तर : तुम्ही शीट मागून पाहिलीत, हे निम्मे काम झाले. आता त्या आकड्याकडे पुन्हा पाहा. चौदा जणांची सरासरी ३.१ आली, पण त्या चौदांत ३ एकानेही दिलेला नाही. ‘बऱ्यापैकी शिकवणाऱ्या मॅडम’ असे सांगणारा तो आकडा वर्गातील एकाही विद्यार्थ्याचे मत नाही. दहा जण समाधानी आहेत, चौघांचे काहीतरी गंभीरपणे बिनसले आहे आणि शेहेचाळीस जण काहीच बोललेले नाहीत, असे त्या शीटचे खरे वाचन आहे. मुलाखतीला जाताना सरासरीऐवजी हे तीन आकडे एका कागदावर लिहून न्या. समितीतील एखादा तरी सदस्य सांख्यिकी शिकलेला असेल.

दुसरा मुद्दा शेजारच्या वर्गाशी तुलनेचा. विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचे शिकणे या दोन गोष्टी सोबत चालतातच असे नाही, हे दाखवणारे अभ्यास आता पुष्कळ आहेत. त्यांपैकी २०१० साली प्रसिद्ध झालेला एक मला विशेष महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या हवाई दलाच्या कोलोरॅडोतील अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही आणि सर्वांची परीक्षा एकच असते, त्यामुळे तेथे तुलना स्वच्छपणे करता येते. कॅरल आणि वेस्ट या संशोधकांना तेथे असे आढळले की, ज्यांच्या विद्यार्थ्यांना त्याच विषयात त्या सत्रात चांगले गुण मिळाले त्या शिक्षकांना अभिप्रायही चांगला मिळाला. परंतु पुढच्या, त्याच विषयावर आधारलेल्या अभ्यासक्रमांत अनेकदा दुसऱ्याच शिक्षकांचे, म्हणजे अधिक अनुभवी आणि त्या वेळी कमी आवडलेल्या शिक्षकांचे विद्यार्थी पुढे गेले. नोट्स सांगणाऱ्या सरांच्या ४.६ कडे मी या नजरेने पाहीन, अर्थात ते सर वाईट शिकवतात असा निष्कर्ष तुमच्या पत्रावरून मी काढणार नाही. परीक्षेत त्याच नोट्समधून प्रश्न येत असतील, तर त्या मागणाऱ्या मुलांनाही दोष देता येत नाही.

साडीचा शेरा कागदावरून पुसून टाका. तशा शेऱ्यामागे काय असते यावरही काम झाले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्थ कॅरोलायनातील एका प्रयोगात ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या दोन शिक्षकांनी, एक पुरुष आणि एक स्त्री, प्रत्येकी एका गटाला स्वतःच्या ओळखीने आणि दुसऱ्या गटाला एकमेकांच्या ओळखीने शिकवले. उत्तरे तपासून परत करण्याची वेळ सर्व गटांना एकच ठेवली होती. तरीही ‘वेळेवर तपासून देतात’ या बाबीत पुरुष समजल्या गेलेल्या शिक्षकाला ५ पैकी ४.३५ आणि स्त्री समजल्या गेलेल्या शिक्षकाला ३.५५ मिळाले. विद्यार्थी त्रेचाळीसच होते, म्हणून हा अखेरचा शब्द मानू नये. पण एकच घड्याळ दोन माणसांच्या हातांवर दोन वेळा दाखवते, एवढे त्यातून दिसते.

मात्र ‘फार भरभर शिकवतात’ हा शेरा तुम्ही साडीच्या शेऱ्यासोबत केराच्या टोपलीत टाकू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘डेप्रिसिएशन’ म्हणजे घसारा हे कळेपर्यंत तुमचे उदाहरण फळ्यावर सोडवून झालेले असू शकते. त्या चौघांत अशी मुले आहेत का, हे मला येथून सांगता येणार नाही, तुम्हाला पाहता येईल. पुढील सत्रात चौथ्या आठवड्यात अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या वाटा, नाव लिहू नका असे सांगा आणि दोनच गोष्टी विचारा : या महिन्यात कोणता भाग कळला नाही, आणि मी करते त्यातील काय चालू ठेवावे. दुसऱ्या तासाला त्या चिठ्ठ्यांत काय आले ते वर्गाला सांगून एक गोष्ट बदला. या चिठ्ठ्या जपून ठेवा. मुलाखतीत त्या गठ्ठ्याला ३.१ पेक्षा अधिक वजन पडावे, आणि बहुधा पडेल.

कायद्याच्या बाजूने तुम्हाला दिलासा देणारे फारसे काही माझ्याकडे नाही. कॅनडातील टोरंटो येथील तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठाच्या प्रकरणात लवाद विल्यम कॅप्लन यांनी २०१८ साली निर्णय दिला की, कायम नेमणूक आणि बढतीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजण्याकरिता असे सर्वेक्षण वापरू नये. आपल्याकडे ओघ उलटा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या नियमांत तर शिक्षकाच्या सर्वांगीण अभिप्रायाच्या १०० पैकी २५ गुण विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला ठेवलेले आहेत. कायम नोकरीतील प्राध्यापकाला कमी आकड्याने फार तर मनस्ताप होतो, तासिका तत्त्वावरील शिक्षकाची मात्र पुढच्या वर्षाची भाकरी त्यावर अवलंबून राहते, हा अन्याय तुमच्या पत्रातून नीट दिसतो.

प्रश्न : माझ्याकडे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाचे, म्हणजे आयक्यूएसीचे, काम आहे. आमच्या फॉर्ममध्ये अडतीस प्रश्न आहेत. तीन वर्षांचे आलेख रंगीत छापून ठेवले आहेत, पण मुले गांभीर्याने भरत नाहीत. फॉर्म कसा सुधारावा?
– एक समन्वयक, कोकण

उत्तर : मी स्वतः निवृत्तीपूर्वी काही वर्षे हे काम केले असल्याने त्या रंगीत आलेखांचा वास मला येथपर्यंत येतो. अडतीस प्रश्नांतील पहिले सात-आठ मुले वाचतात आणि नंतरच्या उत्तरांची एक सरळ उभी रेघ तयार होते. तुमच्या शीटमध्ये सर्व उत्तरे एकसारखी असलेल्या ओळी किती आहेत, ते आधी मोजा. आमच्याकडे निम्म्याहून अधिक निघाल्या होत्या, आणि त्या ओळींचेच आलेख आम्ही समितीपुढे मांडले होते.

‘शिक्षकांचे विषयज्ञान कसे आहे’ हा प्रश्न काढून टाका. जे शिकायला मूल आले आहे त्याचीच परीक्षा ते कसे घेणार? विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दिसते तेवढेच विचारा : तास वेळेवर सुरू होतात का, शंका विचारता येते का, तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर काही लिहिलेले असते का. अभ्यासक्रमाविषयीचे प्रश्न शिक्षकांविषयीच्या प्रश्नांपासून वेगळे करा, कारण संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते. तेथे विद्यार्थ्याने ‘तिसरे युनिट कालबाह्य आहे’ असे लिहिले, तर ते वाक्य मंडळाकडे पत्राने पाठवण्याची जबाबदारी तुमची आहे. ते तुमच्या कपाटात राहिले तर त्या शिक्षकाच्या नावावर विनाकारण एक काळा ठिपका पडतो. स्वायत्त महाविद्यालयाला स्वतःच बदल करता येतो, तेथे सबब चालणार नाही.

मुले गांभीर्याने का भरत नाहीत, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी एकच असते : मागच्या वर्षी लिहिले त्याचे काय झाले, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. नॅकच्या निकषांतही केवळ अभिप्राय गोळा केल्याने भागत नाही. विश्लेषण, त्यावरील कार्यवाही आणि ती संकेतस्थळावर ठेवणे असे टप्पे आहेत. पण संकेतस्थळावरची पीडीएफ मुले उघडत नाहीत. आम्ही एका वर्षी ग्रंथालयाच्या दाराशी एक साधा कागद लावला. त्यावर तीनच ओळी होत्या : वाचनकक्ष पाचऐवजी सातपर्यंत उघडा राहील; रसायनशास्त्राची जर्नल्स आठ दिवसांत परत मिळतील; सकाळचे तास आठनंतर सुरू करता येणार नाहीत, कारण दुपारी याच खोल्यांत कनिष्ठ महाविद्यालय भरते. पुढील सत्रात फॉर्म कोणावरही सक्तीचा नव्हता, आणि लेखी शेऱ्यांचा रकाना पहिल्यांदाच भरून आला. सर्वाधिक शेरे तिसऱ्या ओळीवर होते, आणि त्यांपैकी एकात दुपारच्या खोल्यांचे वेळापत्रक आमच्यापेक्षा चांगले आखून दिलेले होते.