कृत्रिम लिगामेंटला हाडात धरून ठेवतं कोण?

प्रश्न : कबड्डी खेळताना माझ्या धाकट्या भावाचं गुडघ्यातलं एसीएल (मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटलं. कृत्रिम लिगामेंट बसवायचा विचार चालू आहे. त्याची ताकद ३६०० न्यूटन, म्हणजे मूळ लिगामेंटपेक्षा जास्त, असं वाचलं. मग लगेच खेळायला काय हरकत आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तो आकडा नुसत्या दोराचा आहे. तरुण माणसाचं मूळ एसीएल साधारण २१६० न्यूटनला तुटतं. म्हणजे सुमारे २२० किलो वजन टांगल्यावर येईल एवढा ताण. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दोऱ्यांचा, चारपदरी ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा दोर) ४००० न्यूटनच्या वर जातो. दोर कमी पडत नाही. पण त्याची टोकं मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पाडलेल्या बोगद्यांत अडकवलेली असतात, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत सगळ्यात कच्ची जागा तीच.

डुकराच्या हाडांवर हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट वापरून केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांचे आकडे पाहा. मांडीच्या हाडात बोगद्यात पिळून बसवलेले इंटरफरन्स स्क्रू ५५० ते ८०० न्यूटनच्या दरम्यान निसटले. हाडाच्या बाहेरच्या कडक थरावर टेकणारं एंडोबटन नावाचं धातूचं छोटं बटण सुमारे १०८० न्यूटनपर्यंत टिकलं. रोजच्या हालचालींत आणि सुरुवातीच्या व्यायामात एसीएलवर ४५० न्यूटनच्या आसपास ताण येतो, असा अंदाज धरतात. म्हणजे दोर कितीही भक्कम असला तरी स्क्रूच्या बाबतीत हातात उरणारी शिल्लक थोडीच.

आता कृत्रिम लिगामेंटचा खास प्रश्न. स्वतःच्या शरीरातून घेतलेला ग्राफ्ट हाडाशी सांधला जातो. टोकाला हाडाचा तुकडा असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे, नुसती स्नायूची दोरी असेल तर आठ ते बारा. त्यानंतर स्क्रूवरचा भार उतरतो. कृत्रिम लिगामेंटचं पॉलिएस्टर हाडाशी तसं एकजीव होत नाही. धाग्यांच्या मधून तंतुमय ऊती शिरल्या तर शिरतात, त्याही सगळीकडे सारख्या नाहीत. म्हणून इथे स्क्रूला काही आठवडे नव्हे, वर्षानुवर्षं भार पेलावा लागतो. शिवाय बोगद्याच्या तोंडाशी धागे हाडाच्या कडेवर घासतात. ती कड कानशीनं गोल केलेली नसेल, तर झिजलेल्या धाग्यांचे कण सांध्यात पडून गुडघा वारंवार सुजतो. गोर-टेक्स या कृत्रिम धाग्याच्या लिगामेंटला अमेरिकेत १९८६ साली परवानगी मिळाली होती. त्याची ताकद ५००० न्यूटनच्या वर होती, तरीही १९९३ मध्ये ते बाजारातून गेलं. नुसत्या ताकदीवर विसंबू नये, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

तेव्हा शल्यविशारदांना एवढं जरूर विचारा : दोन्ही टोकं कशानं धरणार? नडगीकडे दुहेरी पकड देणार का? खेळायला कधी उतरायचं, हे मात्र त्यांनी गुडघा तपासूनच ठरवायचं आहे.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकते. डुकराच्या गुडघ्यात पॉलिएस्टरची पट्टी स्क्रूनं बसवून यंत्रात ओढली. ९०० न्यूटनला निसटली. हा निकाल चांगला समजायचा का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : एकाच ओढीवरून काही ठरवू नका. गुडघ्यात लिगामेंट एका झटक्यात क्वचितच निसटतं. हजारो पावलांत मिलीमीटर-मिलीमीटरनं सरकतं. आधी ५० ते २०० न्यूटनच्या दरम्यान १५०० फेरे द्या, दोन सेकंदांना एक. दर शंभर फेऱ्यांनी सरक मोजा. मग मिनिटाला ५० मिलीमीटर वेगानं तुटेपर्यंत ओढा. अखेरचा भार, कडकपणा आणि सरक हे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहा. ९०० न्यूटन पेलूनही पट्टी पाच मिलीमीटर सरकली असेल, तर तो गुडघा ढिला झालाच म्हणायचा.

सरक यंत्राच्या जबड्याच्या हालचालीवरून मोजू नका. त्यात पट्टीचा ताण आणि जबड्यातली घसरणही मिसळते. बोगद्याच्या तोंडाशी हाडावर एक आणि पट्टीवर एक खूण करून कॅमेऱ्यानं अंतर मोजा. पट्टी सपाट जबड्यात चेपली तर तिथेच कापली जाते; रुळावर दोन-तीन वेढे देऊन धरा. ओढ बोगद्याच्या रेषेतच ठेवा, कारण स्क्रूसाठी तीच सगळ्यात वाईट परिस्थिती. हाड सलाइननं ओलं राहू द्या.

डुकराचं हाड माणसाच्या, विशेषतः वयस्कर माणसाच्या, हाडापेक्षा घट्ट असतं. त्यामुळे तुमचा आकडा वरचाच येणार. प्रत्येक नमुन्यात बोगद्याचा व्यास, स्क्रूचा व्यास व लांबी आणि बसवताना लागलेला टॉर्क (पिळायचा जोर) नोंदवा. टॉर्क कमी लागला असेल तर पकडही बहुधा कमी भरते. स्क्रू बोगद्याच्या रेषेपासून १५ अंशांहून जास्त तिरका गेला असेल, तर तो नमुना वेगळा काढा. आणि शेवटी पट्टी उघडून बघा : अख्खी सरकली की आट्यांनी धागे चिरले? चिरले असतील तर बोथट आट्यांचा स्क्रू हवा. आणखी जाड स्क्रू घालून नुकसान वाढेल.

प्रश्न : दोन टोकांपैकी आधी कुठलं सैल पडतं?
— फिजिओथेरपिस्ट, नाशिक

उत्तर : बहुतेक वेळा नडगीकडचं. तिथलं हाड सच्छिद्र, आणि ओढही जवळजवळ बोगद्याच्याच रेषेत. म्हणून स्क्रूच्या जोडीला खाली स्टेपल (हाडात ठोकायची यू आकाराची धातूची पिन) किंवा दात्यांचा वॉशर लावतात. एकटा स्टेपल सगळ्यात दुबळा; दोन स्टेपल लावून पट्टी पहिल्याखालून नेऊन उलटी वळवली आणि दुसऱ्याखाली दाबली, तर पकड बरीच सुधारते. त्वचेखालचा हा धातू गुडघे टेकताना टोचतो, आणि ती तक्रार खरी असते.

मांडीकडच्या बटणाचा दोष निराळा. ते हाडावर न टेकता स्नायूवर अडकलं, तर नंतर खाली बसतं आणि ग्राफ्ट काही मिलीमीटर ढिला पडतो. शस्त्रक्रियेच्या वेळी सी-आर्मवर (तिथल्या तिथे एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) बटण हाडाला चिकटलेलं दिसायलाच हवं. तुमच्याकडे आलेल्या रुग्णाचा गुडघा पहिल्या महिन्यातच लॅकमन चाचणीत (गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून बघतात ती) जास्त सरकू लागला, तर व्यायाम वाढवू नका. आधी एक्स-रे काढून बटण आणि स्क्रू जागेवर आहेत का ते बघायला सांगा.