पैसे भरले, पण चूक मान्य नाही… हे कसं काय? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई नमस्कार, मी साताऱ्याहून लिहितेय. माझा मुलगा डलासला असतो. त्याला मागे एक ईमेल आला की अ‍ॅमेझॉन प्राइमचं सरकारबरोबर सेटलमेंट झालंय आणि तुम्हाला पेपालवर ५१ डॉलर मिळतील, १५ दिवसांत स्वीकारा. त्याला वाटलं फ्रॉड आहे, त्याने डिलीट करून टाकला. आता मित्र म्हणतात की त्यांना खरंच पैसे आले. मग याचे बुडाले का?

उत्तर : पहिलं सांगते, मुलाने डिलीट केलं त्याबद्दल त्याला बोलू नका, असले दहातले नऊ मेल खोटेच असतात. पण हे सेटलमेंट खरं आहे. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे एफटीसी, आणि अ‍ॅमेझॉन यांच्यात २५ सप्टेंबर २०२५ ला तडजोड जाहीर झाली, एकूण २.५ अब्ज डॉलरची. त्यातला १ अब्ज सरकारी दंड आणि १.५ अब्ज ग्राहकांना परत. २३ जून २०१९ ते २३ जून २०२५ या काळात अमेरिकेत ज्यांनी ठरावीक पानांवरून प्राइम घेतलं आणि कुठल्याही १२ महिन्यांत त्याचे फायदे ३ वेळांपेक्षा जास्त वापरलेच नाहीत, त्यांना अर्ज न करता जास्तीत जास्त ५१ डॉलर पाठवायचे असं ठरलं आणि ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेले. मुलाचा मेल याच काळातला असेल तर तो खरा असण्याची शक्यता बरीच आहे.

डिजिटल पैसे ज्यांनी घेतले नाहीत त्यांना चेक पाठवायची सोय होती, आणि तो जातो अ‍ॅमेझॉनवर जो डिफॉल्ट पत्ता टाकलाय तिथे. आपली मुलं तिकडे दर दोन वर्षांनी अपार्टमेंट बदलतात आणि पत्ता जुनाच राहतो, तेव्हा त्याला आधी तो पत्ता बघायला सांगा, जुन्या रूममेटला फोन करायला सांगा, आणि चेक सापडला तर त्यावरची मुदत बघून लगेच भरायला सांगा. ज्यांनी फायदे १० पेक्षा कमी वेळा वापरले होते आणि जे नकळत मेंबर झाले किंवा बंद करायला गेले पण जमलं नाही, त्यांच्यासाठी दुसरा टप्पा अर्ज करून घेण्याचा ठरला. मेलमधली लिंक दाबायची नाही, एफटीसीची साइट स्वतः टाइप करून उघडायची. आणि रिफंड सोडवायला आधी इतके भरा असं कुणी म्हटलं की समजायचं चोर आहे, एफटीसी रिफंड द्यायला एक पैसाही मागत नाही.

प्रश्न : मी ठाण्यातला निवृत्त शिक्षक. पेपरात वाचलं की कंपनी अडीच अब्ज डॉलर भरतेय आणि त्याच बातमीत खाली लिहिलंय की कंपनीने आरोप मान्य केलेले नाहीत. चूक केली नाही तर पैसे कशाचे, आणि केली असेल तर सरकारने शेवटपर्यंत का लढलं नाही? मला तरी ही सरळसरळ मिलीभगत वाटते.

उत्तर : सर, हा प्रश्न मला दरवर्षी चार-पाच जण विचारतात आणि तुमचा राग मला कळतो, कारण माझाही सुरुवातीला तसाच होता. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी आरोप काय होता ते बघा. एफटीसीने जून २०२३ मध्ये सिअ‍ॅटलच्या फेडरल कोर्टात केस टाकली. म्हणणं असं की लोकांना नीट न सांगता प्राइमचं सदस्य केलं जातं आणि बाहेर पडायचा रस्ता मुद्दाम अवघड ठेवलाय. सदस्यत्व बंद करायच्या त्या सगळ्या प्रकाराला कंपनीत आतल्या आत नाव होतं ‘इलियड’. इलियड म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं ते लांबलचक महाकाव्य. तक्रारीत मोजून दिलंय, ४ पानं, ६ क्लिक, १५ पर्याय. म्हणजे माणूस बंद करायला जातो, तिथे आधी त्याला किती फायदे मिळाले ते दाखवतात, मग दुसरा स्वस्त प्लॅन दाखवतात, मग विचारतात नक्की ना, आणि प्रत्येक पानावर परत फिरायचं बटण आहेच. केस दाखल व्हायच्या थोडं आधी कंपनीने ते बदललं. आणि घ्यायच्या वेळी नकाराचं बटण कसं, तर ‘नको, मला फ्री शिपिंग नको’. तुम्हाला फक्त मेंबरशिप नको असते हो, फ्री डिलिव्हरी कुणाला नको असेल, पण नाही म्हणायचं तर असं म्हणा. एफटीसीने कंपनीतले आतले मेसेजही पुढे आणले, त्यात एकाने लिहिलं होतं की सबस्क्रिप्शन वाढवायचं हे जग जरा संशयास्पदच आहे, आणि लोकांना नकळत सदस्य करण्याला एकाने ‘न बोललेला कॅन्सर’ म्हटलं होतं.

खटला उभा राहायच्या काही दिवस आधी जज जॉन चुन यांनी एक मुद्दा निकालातच काढला, की अटी दाखवायच्या आधीच कार्डाची माहिती घेणं हे कायद्याविरुद्ध झालं. तिकडे २०१० चा एक कायदा आहे, त्याला रोस्का म्हणतात, तो सांगतो की ऑनलाइन दर महिन्याला पैसे कापायचे असतील तर आधी अटी स्पष्ट सांगा, स्पष्ट होकार घ्या आणि बंद करायचा सोपा मार्ग द्या. बाकीचं ज्युरीपुढे जायचं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांतच तडजोड झाली. कंपनीचं म्हणणं हेच राहिलं की आम्ही आणि आमचे अधिकारी कायम कायदा पाळत आलोय.

आता तडजोड का, तर हे आपल्याकडच्या अनुभवावरूनच सांगते. जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही वकील तडजोड पुरशिस टाकतो ना, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिटवलं असं लिहून दिलेला कागद, तेच आहे हे. काही वर्षांपूर्वी एक काका माझ्याकडे आले होते, वॉटर प्युरिफायरचं प्रकरण, कंपनीचं नाव घेत नाही. वॉरंटीत असताना ११,४०० रुपये उकळले होते. तिसऱ्या तारखेला त्यांचा वकील चेक घेऊन आला, पूर्ण रकमेचा. काकांनी पुरशिस वाचली, चष्मा काढला आणि मला विचारलं, यात आमचं चुकलं असं कुठंय? नव्हतं. ‘कोणताही दोष मान्य न करता’ असं मात्र होतं. ते चेक घेईनात. बाहेर पॅसेजमध्ये अर्धा तास आम्ही बोललो. अपिलात गेले तर आणखी तीन-चार वर्षं, वय ७४, आणि शेवटी निकाल आपल्याच बाजूने लागेल याची खात्री मी देऊ शकत नव्हते. त्यांनी सही केली, पण तो प्रश्न मी विसरलेले नाही. सरकारही त्याच पॅसेजमध्ये उभं असतं सर, फक्त रक्कम मोठी.

आणि सरकार हरतं सुद्धा. आपल्या केंद्र सरकारने २०१५ मध्ये मॅगीवरून नेस्लेविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक आयोगात ६४० कोटींची मागणी केली होती, एप्रिल २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. जवळजवळ नऊ वर्षं गेली आणि हाती काही नाही. तिकडे एफटीसीची अडचण तर आणखी वेगळी आहे, २०२१ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की ज्या कलमाखाली तुम्ही वर्षानुवर्षं ग्राहकांचे पैसे परत मिळवत होतात त्या कलमात तो अधिकारच नाही. त्यामुळे आता रोस्कासारखा एखादा खास कायदा किंवा नियम मोडलेला असेल तरच पैशांची भाषा जोरात करता येते, नाहीतर लांबचा रस्ता.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. बातमीत रकमेचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि सगळे तोच वाचतात, तडजोडीचा जीव असतो तो ऑर्डरमध्ये, म्हणजे यापुढे कंपनीने काय करायचं ते. अ‍ॅमेझॉनच्या ऑर्डरमध्ये आहे की नको म्हणायचं बटण स्पष्ट आणि ठळक हवं, ते फ्री शिपिंगवालं वाक्य चालणार नाही, ज्या मार्गाने सदस्य झालात त्याच मार्गाने सोपेपणाने बाहेर पडता आलं पाहिजे, आणि पैसेवाटप नीट होतंय का हे बघायला बाहेरचा स्वतंत्र माणूस, त्याचा खर्च कंपनीने द्यायचा. अशा ऑर्डरची ताकद केवढी असते ते फेसबुकवरून बघा. २०११ मध्ये एफटीसीने आरोप केला की प्रायव्हसीबद्दल लोकांना एक सांगता आणि करता दुसरं, तडजोड झाली, २०१२ मध्ये ऑर्डर पक्की झाली, एक डॉलर दंड नाही. तेव्हाही लोक चिडलेच असतील, आणि बरोबरच आहे. पण तीच ऑर्डर मोडल्याचा आरोप पुढे आला आणि २०१९ मध्ये फेसबुकला ५ अब्ज डॉलर भरावे लागले. पहिल्या वेळी शून्य आणि दुसऱ्या वेळी ५ अब्ज, हा फरक त्या कागदाने पाडला.

एक गोष्ट मात्र मलाही खुपते आणि ती मी लपवत नाही. तडजोड झाली की साक्षी थांबतात. ज्युरीपुढे जे अधिकारी शपथेवर बोलले असते ते बोलत नाहीत, ज्या कागदांवर उलटतपासणी झाली असती ते फाइलमध्ये राहतात. पैसे मिळतात पण पूर्ण काय घडलं ते कळत नाही. काकांना तेच हवं होतं, तुम्हालाही तेच हवंय.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीत. २०२३ मध्ये टर्बोटॅक्सच्या सेटलमेंटचा साधारण ३० डॉलरचा चेक घरी आला होता. आकडा १४.१ कोटी डॉलरचा आणि माणशी ३० डॉलर? हे कुणाच्या फायद्याचं?

उत्तर : भागाकार करून बघा. टर्बोटॅक्स म्हणजे टॅक्स रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर, त्याची ती तडजोड २०२२ मध्ये झाली, न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्या पुढाकाराने, ५० च्या ५० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी एकत्र. ‘फ्री, फ्री, फ्री’ अशा जाहिराती, पण जे सरकारी योजनेतून फुकट रिटर्न भरू शकले असते त्यांच्याकडूनही पैसे घेतले असा आरोप. अशी माणसं साधारण ४४ लाख. पण त्यात एक फार चांगलं होतं, कुणालाही अर्ज करावा लागला नाही, चेक आपोआप घरी. मी तडजोड चांगली की वाईट हे आधी याच्यावरून ठरवते. अर्ज करायला लावला की बरेच लोक तिथेच गळतात. आणि अर्जाचा दुसरा धोका इक्विफॅक्समध्ये, म्हणजे लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात दिसला, डेटाचोरीच्या त्या २०१९ च्या सेटलमेंटमध्ये १२५ डॉलर मिळतील म्हणून लोक तुटून पडले, त्या पर्यायासाठी बाजूला काढलेले होते फक्त ३.१ कोटी डॉलर, मग सरकारलाच सांगावं लागलं की पैसे फार कमी येतील, त्याऐवजी फुकट क्रेडिट मॉनिटरिंग घ्या. तेव्हा यापुढे ‘अमुक डॉलरपर्यंत’ यातलं ‘पर्यंत’ आधी वाचा.

प्रश्न : मी पुण्यात यूपीएससीची तयारी करतोय. हे सगळं अमेरिकेत ठीक आहे, आपल्याकडे आहे का असं काही? की आपण नुसतं बातम्या वाचायच्या?

उत्तर : आहे, पण पद्धत वेगळी. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण आहे, सीसीपीए, ते तडजोड कमी करतं आणि आदेश जास्त देतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड, परत केलं तर ५० लाखांपर्यंत. मोठ्या कंपनीला १० लाख म्हणजे काहीच नाही, हे मी दर व्यासपीठावर सांगत आलेय. पण दंडाच्या पुढचं वाचा. ऑगस्ट २०२५ चा रॅपिडोचा आदेश घ्या. ‘५ मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये’ अशी जाहिरात, आणि प्रत्यक्षात ५० ‘पर्यंत’, तेही पैसे नाहीत तर रॅपिडो कॉइन, ते बाइक राइडलाच चालणार आणि ७ दिवसांत संपणार. १० लाख दंड झालाच, पण त्याबरोबर ज्यांना ५० रुपये मिळाले नाहीत त्यांना ते पूर्ण द्या असंही सांगितलं. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये ओलाला सांगितलं की रिफंड फक्त कूपनमध्ये नाही, बँक खात्यात हवा की कूपन हे ग्राहकाला निवडू द्या.

आणि ते बटणाचं जे मी वर सरांना सांगितलं ते आपल्याकडेही नियमात आलंय. वेबसाइटवर ग्राहकाला फसवून हवं ते करायला लावणाऱ्या अशा युक्त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात, ३० नोव्हेंबर २०२३ च्या त्याबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असे १३ प्रकार दिलेत, त्यात विमानाचं तिकीट काढताना इन्शुरन्स नको असेल तर ‘मी असुरक्षित राहीन’ असं बटण दाबायला लावणं हे चक्क उदाहरण म्हणून लिहिलंय.

तुझ्या कामाचं म्हणजे क्लासच्या जाहिराती. तिथे टॉपरचा फोटो असतो आणि त्याने फक्त मुलाखतीचं मार्गदर्शन घेतलेलं असतं, तेही बऱ्याचदा फुकट, आणि ते लपवलेलं असतं. यावरून सीसीपीएने बऱ्याच क्लासना दंड केलाय आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळ्या सूचना काढल्यात, फोटो लावायचा तर निकालानंतर त्या मुलाची लेखी संमती हवी, आणि रँक, कोर्सचं नाव, किती दिवसांचा, पैसे भरून की फुकट हे फोटोसोबत छापायला हवं. फी भरायच्या आधी ते पोस्टर बघ, हे चार तपशील नसतील तर मोबाइलवर फोटो काढून ठेव. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर करता येते, मराठीत बोललं तरी चालतं. तारीख, किती पैसे दिले, कुठल्या जाहिरातीवरून दिले आणि काय हवंय, रिफंड की आणखी काही, एवढं लिहून समोर ठेव आणि मग फोन लाव, मिळालेला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, वहीच्या पहिल्या पानावर लिही. रॅपिडोच्या प्रकरणातही हेल्पलाइनवर आलेल्या हजाराच्या वर तक्रारी आधी मोजल्या गेल्या, त्यातली प्रत्येक कुणीतरी अशीच फोन लावून नोंदवलेली होती.