मुंबईत पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींचं आरोग्यसेवेबद्दल सर्वेक्षण करायचं आहे. प्रश्नावली कशी असावी?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) प्रकल्पासाठी तीन आठवड्यांत २०० गुगल फॉर्म भरून घ्यायचेत आणि पहिला प्रश्न आहे, 'तुम्हाला आरोग्यसेवा सहज मिळते का? हो/नाही'. तो प्रश्न आधी खोडा. मी हाच प्रश्न घेऊन मानखुर्दला गेले होते, म्हणून सांगते.

दुपारची वेळ, छोटी खोली, सात जणी. सगळ्यांनी 'हो' म्हणून टाकलं. कागद झटपट भरले, मी खूश. निघताना एकीच्या पायाकडे लक्ष गेलं. अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं, त्यावर पिवळट डाग. "दाखवलं का कुठे?" विचारलं तर म्हणाली, "मेडिकलवाला गोळी देतो ना." झाली आरोग्यसेवा! शुगर होती तिला आणि जखम तीन महिन्यांची. मग हळूहळू निघालं की एका सरकारी रुग्णालयात ती गेली होती. केसपेपरच्या खिडकीवरच्याने 'मेल का फीमेल?' असं दोनदा मोठ्याने विचारलं, मागची रांग हसली आणि ही केसपेपर न काढताच रिक्षा पकडून घरी आली. माझ्याकडे डॉक्टरांच्या वागणुकीवर अकरा प्रश्न होते. खिडकीवर एकही नव्हता.

म्हणून मत विचारू नका, मागच्या खेपेला काय झालं ते विचारा. शेवटचं दुखणं कोणतं? कुठे गेलात? गेला नाहीत तर काय केलंत? केसपेपरवर कोणतं नाव लिहिलं, पुकारलं कोणत्या नावाने? दाखल केलं असेल तर बायकांच्या वॉर्डात की पुरुषांच्या? आणि कृपा करून ओपीडीबाहेर उभं राहून फॉर्म भरू नका. तिथे तुम्हाला आत पोचलेलेच भेटतील, आणि आपल्याला हवेत ते अर्ध्यातून परतलेले.

एचआयव्हीचे प्रश्न शेवटी ठेवा, किंवा विषय तो नसेल तर ठेवूच नका. या वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं जे कोणी वही घेऊन आलं, त्यातले बहुतेक तेच विचारायला आले. एक मावशी मला म्हणाल्या होत्या, "परत एचआयव्ही? माझी दाढ दुखतेय, तिचं विचार की." शस्त्रक्रिया झाली का, हा प्रश्नही पहिल्या पाच मिनिटांत नको. तुम्हाला कोणी अनोळखी माणसाने तसलं विचारलं असतं तर?

पारलिंगी म्हणजे फक्त हिजडा समाज नव्हे. 'लिंग: स्त्री/पुरुष/इतर' या एका ओळीऐवजी दोन प्रश्न घ्या: जन्माच्या वेळी काय नोंदवलं, आणि आज तुम्ही स्वतःला काय म्हणवता. दुसऱ्याचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. मग हिजडा येईल, देवीला सोडलेला जोगता येईल, जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदवलेला पारलिंगी पुरुषही येईल. हे शेवटचे सर्वेक्षणांतून हमखास सुटतात, कारण ते डेऱ्यात, म्हणजे गुरू-चेल्यांच्या घरात, नसतात. कोणी डोंबिवलीत आईवडिलांकडे असतो, कोणी भाड्याच्या खोलीत. पाळीच्या त्रासासाठी स्त्रीरोग ओपीडीत दाढी असलेल्या माणसाने बसायचं म्हणजे काय, हे तुमच्या फॉर्ममध्ये यायला हवं.

माणसं शोधायची कशी? तयार यादी नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात ४०,८९१ जण आले, पण त्यावरून नमुना निवडता येत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणचे पाच-सहा जण निवडून प्रत्येकाला तीन कुपनं द्यायची, त्यांनी आपल्या ओळखीच्यांना आणायचं, अशी पद्धत वापरतात. सगळी सुरुवात एकाच गुरूच्या घरातून केलीत तर त्याच घराण्याची कथा हाती येईल. गुरूची परवानगी घ्या, चहाही घ्या, पण चेल्याशी बोलणं बाजूला, एकटीशी. बधाईची (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन पैसे घेण्याची), मंगतीची (पैसे मागत फिरण्याची) वेळ टाळा. वेळेचे आणि जाण्यायेण्याचे पैसे द्या; तासाभराची कमाई बुडते त्यांची. आधार क्रमांक लिहून घेऊ नका.

योजनांबद्दल एकच प्रश्न पुरत नाही. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याने कलम १५ मध्ये आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारवर टाकली, २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची योजना जाहीर झाली. पण ओळख प्रमाणपत्र आहे का, कार्ड निघालं का, ते कधी वापरलं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकावर माणसं गळतात.

२०० चा हट्ट सोडा, गाईडना पटवून ६० करा, पण समोर बसून. आणि कोणी पायावरचं फडकं दाखवलं तर कुठे पाठवायचं ते आधी ठरवून जा. मुंबईतल्या सरकारी जी. टी. रुग्णालयात २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा वॉर्ड सुरू झाला. तिथे स्वतः जाऊन कोणत्या वारी कोण भेटतं ते विचारून या. मी मानखुर्दला गेले तेव्हा माझ्याकडे फक्त पेन होतं.