लिंकेखालच्या दोन ओळी

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा वाचला. चार हजारांवर लिंका, एकोणतीस फोल्डर आणि त्यात सगळ्यात फुगलेलं फोल्डर ‘नंतर वाचू’. परवा कुणीतरी विचारलं, शुक्रावर जीवसृष्टी सापडली म्हणे, खरं का? त्या विषयाच्या सात लिंका जवळ असून तुला धड उत्तर देता आलं नाही, याचं तुला वाईट वाटलं. ते वाटलं म्हणूनच लिहायला बसलो. पण त्यावरून तू विचारतेस काय, तर कोणतं अ‍ॅप घेऊ आणि टॅग कसे लावू!

अ‍ॅप कोणतंही घे. साधी मजकुराची फाइलही पुरते. प्रत्येक लिंकेखाली स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिही: यात काय म्हटलंय, आणि मला हे का ठेवावंसं वाटलं. शेजारी तारीख घाल. दोन ओळी सुचत नसतील तर ती लिंक ठेवू नकोस. मला सांगायचंय ते एवढंच. तू ते टाळणार हे मला ठाऊक आहे, कारण मीही वर्षानुवर्षं टाळलं, म्हणून पुढचं लिहितोय.

माझा पहिला संग्रह एका फुकट सेवेवर होता. एक दिवस सेवा बंद होत असल्याचा मेल आला, आपला डेटा उतरवून घ्या म्हणून. उतरवला. एकोणीसशेच्या वर ओळी होत्या. शीर्षक, पत्ता, संपलं. काही ठिकाणी तर शीर्षकाच्या जागी नुसतं ‘मुखपृष्ठ’. एका ओळीपुढे मीच कधीतरी लिहून ठेवलं होतं, ‘महत्त्वाचं, नक्की वाच.’ क्लिक केलं, पान गायब. पत्त्यात नुसता एक आकडा, त्यावरून विषयही कळेना. काय महत्त्वाचं होतं? त्या रात्री मी बराच वेळ आठवत बसलो. आजही आठवत नाही.

हे माझ्या एकट्याचं दुखणं नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलं की २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्याच्या दहा वर्षं आधी हार्वर्डच्या अभ्यासकांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या जवळपास निम्म्या लिंका मूळ मजकुरापर्यंत पोचत नाहीत असं आढळलं होतं. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून पानांच्या प्रती जपतंय. तूही महत्त्वाचं पान तिथल्या वेबॅक मशीनमध्ये जतन करत जा. पण तिथे पान राहील. त्या दिवशी तुला ते पान का हवंसं वाटलं, हे तिथे कुठून येणार? ते तुलाच लिहावं लागेल.

आता माझी खरी चूक सांगतो. सप्टेंबर २०११. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले, अशी बातमी आली. मी हरखून गेलो. लिंक साठवली, दिसेल त्याला पाठवली. काही महिन्यांतच कळलं की वेळ मोजण्याच्या यंत्रणेतली एक फायबर ऑप्टिक केबल नीट जोडलेली नव्हती. तेही वाचलं, पण पहिल्या लिंकेखाली लिहिलं नाही, आणि ज्यांना पाठवली होती त्यांना कळवलंही नाही. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे शिकलेला एक मुलगा चारचौघांत ठामपणे सांगत होता की आइनस्टाइन चुकला, प्रकाशाहून वेगवान काहीतरी सापडलंय. कुठे वाचलंस, विचारलं, तर म्हणाला, सर, तुम्हीच लिंक दिली होतीत. अजून सलतं ते.

दोन ओळी लिहायला बसलो असतो तर बातमी शेवटपर्यंत वाचावी लागली असती. इतरांनी हे तपासून पाहावं, असं त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच पहिल्या दिवशी म्हटलं होतं. माझ्या दुसऱ्या ओळीत ते आपसूक आलं असतं. म्हणून म्हणतो, लिही. आणि खाली थोडी जागा मोकळी ठेव. सहा महिन्यांनी परत ये आणि पुढे काय झालं ते तिथे तारखेसकट टाक. तुझ्या फोल्डरांत विज्ञानाच्या बातम्यांची पहिली खळबळ भरपूर आहे. त्यांचं पुढे काय झालं, ते कुठेच नाही.

‘शोधलं की सगळं सापडतं, साठवायचं कशाला?’ हे मी घरात, कामावर, सगळीकडे ऐकलंय. काय शोधायचं ते आठवलं तर सापडेल ना! गेल्या बारा वर्षांत माझ्या संग्रहात जेमतेम अकराशे लिंका जमल्या. लोकांना तो रिकामटेकडा उद्योग वाटतो. पण त्यातली कुठलीही काढ, ती मी का ठेवली आणि आज तिचं काय झालंय, हे मी सांगू शकतो. मी वेळ वाया घालवला, असं मला कुणी म्हणू नये. तरी एक खंत आहेच. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा एमआरएनएवरचा शोधनिबंध २००५ चा. कोविडच्या एमआरएनए लशी पुढे त्याच कामावर उभ्या राहिल्या. नोबेल मिळालं २०२३ मध्ये. तो माझ्याकडे कधीच नव्हता. तेव्हा मी नुसत्या मोठ्या मथळ्यांमागे धावत होतो.

तू तशी धावू नकोस. रोज वीस लिंका साठवण्यापेक्षा आठवड्याला दोन ठेव, पण त्यांच्याखाली लिही. कंटाळा येईल. तरी लिही. दुसऱ्याचा सारांश चिकटवलास तर मला लगेच कळेल.

आज शुक्राच्या त्या सात लिंका उघड. सप्टेंबर २०२० ची बातमी आधी वाच. शुक्राच्या ढगांत दर अब्ज रेणूंमागे सुमारे २० फॉस्फिनचे, असा तो दावा होता. फॉस्फिन हा वायू पृथ्वीवर काही सूक्ष्मजीवांशी जोडला जातो, म्हणून एवढी खळबळ. जीवसृष्टी सापडली असं त्यात कुठेही नाही. मग त्याच वर्षाच्या शेवटाकडे ये. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीच्या माहितीवरची प्रक्रिया दुरुस्त करावी लागली आणि त्याच संशोधकांचा आकडा बराच खाली आला. वाद त्यानंतरही चालूच राहिला. या सातांतल्या कोणत्या ठेवायच्या ते तू ठरव. ठेवशील त्यांच्याखाली दोन-दोन ओळी लिहून रविवारपर्यंत पाठव. माझ्याही संग्रहात ती पहिली बातमी आहे आणि तिच्याखाली आतापर्यंत चार तारखा पडल्यात. तुझं आलं की माझं पाठवतो, आधी नाही.