वाचकांचे प्रश्न : हाताने घडवलेला स्नूकर क्यू कसा पारखावा?

प्रश्न : क्यूच्या बटावर (काठीच्या जाड, हातात धरायच्या बाजूवर) चढलेली चार काळी टोके यंत्रावर बनलेल्या क्यूलाही असतात. मग हाताचे काम ओळखायचे कसे?

उत्तर : टोकांच्या आकारावरून. हाताने जोड करताना कारागीर दांड्याच्या जाड बाजूला रंधा मारून एक अंग उतरते आणि सपाट करतो आणि त्यावर एबनीची (काळ्या, कठीण लाकडाची) पट्टी चिकटवून घट्ट आवळून ठेवतो. ती पक्की बसली की पुढचे अंग. असे चारही अंगांना झाल्यावर तो चौकोनी बट रंध्यानेच गोल करत आणतो. निमुळत्या गोल दांड्यातून सपाट जोड बाहेर पडतो तिथे पाकळीसारखे गोलसर टोक उमटते. यंत्राच्या जोडात दोन्ही लाकडांत खाचा कापून ती एकमेकांत बसवतात, त्यामुळे टोके अणकुचीदार येतात.

चारही टोके एका उंचीवर असतील तर रंधा चारही बाजूंना सारखा चालला आहे आणि दांडा मधोमध राहिला आहे. एखादे टोक किंचित खाली असले म्हणून खेळ बिघडत नाही, पण कामाची सफाई तिथेच कळते. एबनी काळी असल्याने सरसाची रेघ तिच्यात लपते. म्हणून जोडात रंगीत पातळ पट्ट्या घातल्या असतील तर त्या निरखाव्यात. त्यांची जाडी कुठे वाढलेली, कुठे कमी झालेली दिसता कामा नये. शेवटी जोडावरून नख आडवे फिरवा. पायरी लागली तर लाकूड पुरेसे न मुरवता वापरले आहे आणि ते नंतर आकसले आहे, असे बहुधा समजावे.

प्रश्न : ‘58 इंच, 18 औंस, 9.5 मिमी, 17 इंच’ या आकड्यांवरून क्यूची पारख होते का?

उत्तर : अर्धीच. हे आकडे अनुक्रमे लांबी, वजन, टिपेचा (चेंडूला लागणाऱ्या चामडी टोकाचा) व्यास आणि समतोल-बिंदूचे बटाच्या टोकापासूनचे अंतर सांगतात. नियमांचे बंधन लांबीला आणि आकाराला आहे : क्यू 3 फुटांपेक्षा (914 मिमी) आखूड नको आणि त्याचा निमुळता पारंपरिक घाट सुटता कामा नये. बहुतेक क्यू 57 ते 58 इंचांचे असतात, उंच खेळाडू त्याहून लांब घेतात. 18 औंस म्हणजे सुमारे 510 ग्रॅम. स्नूकरचा चेंडू 52.5 मिमीचा असल्याने 9 ते 10 मिमीची टिप पुरते. टिप बारीक असेल तर साईड (चेंडूला बाजूने मारून दिलेली फिरकी) नेमकी लागते, पण नकळत लागलेली साईडही तितकीच अंगाशी येते.

समतोलाकडे मात्र लोक फार कमी बघतात. क्यू एका बोटावर आडवा तोलून बटापर्यंतचे अंतर स्वतः मोजा. दोन्ही क्यू 18 औंसांचे, पण एकाचा तोल 16 इंचांवर आणि दुसऱ्याचा 18 इंचांवर असेल, तर दुसरा पुढच्या हातावर स्पष्ट जड लागतो.

शाफ्ट (बटापुढचा निमुळता दांडा) मध्यावर किती जाड आहे, हे या चार आकड्यांत येतच नाही. क्यूचा ताठपणा मुख्यतः त्यावर आणि त्या विशिष्ट लाकडावर ठरतो. बनवणाऱ्याला हा व्यास आणि बटाचा व्यास जरूर विचारा.

प्रश्न : ॲश लाकडाच्या शाफ्टवरचे बाण जितके जास्त तितका क्यू चांगला, हे खरे का?

उत्तर : नाही, संख्या आवडीची बाब आहे. शाफ्ट निमुळता होताना झाडाची वर्षवलये तिरकी कापली जातात, म्हणून समोरासमोरच्या दोन अंगांवर बाण दिसतात आणि उरलेल्या दोन अंगांवर सरळ रेषा. बघायचे ते असे की बाण टिपेपासून बटापर्यंत एका ओळीत, मधोमध चालतात का. रेषा कडेने बाहेर निसटत असतील तर तंतू तुटलेले आहेत. असा शाफ्ट वाकण्याची, ठिसूळ निघण्याची शक्यता जास्त. मेपल लाकडाचे रेषाकाम दबलेले असते, त्यामुळे ही तपासणी चांगल्या उजेडात करावी.

प्रश्न : क्यू टेबलावर लोळवून सरळपणा कळतो का?

उत्तर : पूर्ण नाही. घाट थोडा असमान असला तरी सरळ क्यू डगमगतो. बटाकडून एक डोळा मिटून शाफ्टवर नजर टाका आणि क्यू हळूहळू पूर्ण फिरवा.

प्रश्न : नक्षी आणि दुर्मिळ लाकडाला किती महत्त्व द्यावे?

उत्तर : डोळ्यांना सुख देईल तेवढे. स्टीफन हेंड्री यांची सातही विश्वविजेतेपदे लहानपणापासून वापरलेल्या एका साध्या क्यूवर आली, तो 2003 मध्ये विमानप्रवासात मोडला.

प्रश्न : शाफ्ट चिकट झाला की पॉलिश पेपर मारावा का?

उत्तर : वारंवार अजिबात नको. पेपर लाकूड लवकर खातो, टिपेखालची पितळी फेरुल (कडे) हळू झिजते. काही दिवसांत फेरुलची कड वर उठते आणि बोटांना लागते. शाफ्टही बारीक होतो, तो परत जाड होत नाही. घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने घासा. मग कच्च्या जवस तेलाचे चार-पाच थेंब चोळा, जादा तेल पुसून काढा आणि क्यू रात्रभर आडवा ठेवा, भिंतीला टेकवू नका. तेलाचे फडके चुरगळून टाकू नका : जवस तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते उघड्यावर पसरून वाळवा.