ओढणीचं परिपत्रक

या सदरातली उत्तरं मी पुस्तकातून देत नाही. ३१ वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केली, बरीचशी फौजदारी. नंतर दोन संस्थांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसले. त्यातून जे शिकले ते लिहिते. पत्रातली नावं-गावं मी काढून टाकते. या वेळी तीन पत्रं निवडली, तिन्हींत कपडे आहेत.

प्रश्न : मी शिवणकाम करते. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या मुलींचे युनिफॉर्म सहा वर्षं माझ्याकडेच शिवायला येतात. माझी मुलगी तिथंच बारावी सायन्सला आहे, नुकती १७ पूर्ण झाली. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तिथल्या अटेंडंटनं ब्युरेट लावून देण्याच्या निमित्तानं मागून येऊन तिच्या अंगावर हात टाकला. एकदा नाही, तीनदा. तिनं घरी सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, “ओढणी नव्हती का घेतलीस?” खरं तर लॅबमध्ये बर्नर असतो म्हणून मॅडमच ओढणी काढून ठेवायला सांगतात. ती एवढंच म्हणाली, “आई, कुडता तूच शिवलायस ना.” तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तिच्या बाबांनी प्राचार्यांच्या कानावर घातलं. आठ दिवसांनी परिपत्रक लागलं : मुलींनी ओढणी दोन्ही खांद्यांना पिन लावूनच घ्यावी, कुडत्याचा गळा बंद असावा. तो माणूस आहे तिथंच आहे आणि माझ्याकडे गळे बुजवून घ्यायला मुलींची रांग लागलीय. प्रॅक्टिकलचे ३० मार्क कॉलेजच्या हातात, म्हणून हे म्हणतात, परीक्षा होईपर्यंत गप्प बस. मी काय करू?

उत्तर : ताई, आपण फोनवर बोललो आणि तुमचा अर्ज पोलीस ठाण्यात गेला, त्यानंतरच हे छापायला दिलंय. जे बोललो ते पुन्हा लिहिते, दुसऱ्या आयांना लागेल.

आधी घरातलं. मशीन बंद केलं की मुलीजवळ बसा आणि म्हणा, “मी चुकीचं विचारलं.” तिथंच थांबा. “पण मला काळजी वाटली म्हणून...” असं शेपूट त्याला जोडू नका.

तुम्ही तसं का विचारलंत ते मला कळतं. गळा तुमच्या हातातला आहे. टीप उसवायची, दोन बोटं वर घ्यायचा, झालं. तो माणूस काही तुमच्या हातातला नाही. घाबरलं की आपण हाताशी असेल ते दुरुस्त करायला घेतो. प्राचार्यांनीही तेच केलं, सुईऐवजी लेटरहेड घेतलं. त्यांच्या बाबतीत मात्र ही सबब चालणार नाही, कारण तो माणूस त्यांच्या हाताखालीच नोकरीला आहे.

मलाही हा प्रश्न आईनंच विचारला होता. १९८९ ची गोष्ट. अंगावर बार कौन्सिलनं ठरवून दिलेला वेश : पांढरी साडी, वर काळा कोट, गळ्याशी बंद कॉलर, त्यावर पांढरे बँड. एप्रिलमध्ये त्या कोटात जीव नकोसा व्हायचा. तालुक्याच्या कोर्टातून परतताना, उभ्यानं भरलेल्या गाडीत, मागच्या माणसानं हात चालवला. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, “कोट काढून हातावर घेतला होतास का?” नव्हता घेतला. पुढची कितीतरी वर्षं मी ते ‘नव्हता’ मनात असं जपून ठेवलं होतं, जणू माझ्या बचावाचा तो एकमेव पुरावा.

आता एक गोष्ट, जी या सदरात कधी लिहिली नाही. १९९४ मध्ये विनयभंगाच्या एका खटल्यात मी आरोपीची वकील होते. फिर्यादी बाई ऊसतोडणीला आलेली. उलटतपासणीत मी विचारलं, “त्या दिवशी तुमच्या अंगावर काय होतं?” ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “लुगडं. दुसरं काय असतंय माझ्याकडं?” कोर्टात दोघं-तिघं हसले. माझा अशील सुटला. माझ्या त्या प्रश्नानं नाही, पंच फुटले म्हणून. पण तो प्रश्न विचारावासा वाटला तो मला, आणि न्यायाधीशांनी मला अडवलंही नाही. त्या काळी बलात्काराच्या खटल्यात तर बाई ‘अनैतिक वर्तनाची’ आहे असं दाखवून तिची साक्ष पाडायची सोय पुरावा कायद्याच्या कलम १५५ मध्येच होती. ती २००२ च्या दुरुस्तीनं गेली.

आपल्याच राज्यातलं, तेव्हाच्या चंद्रपूर (आता गडचिरोली) जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातलं १९७२ चं प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारात अत्याचार झाला. उच्च न्यायालयानं दोषी धरलेल्या दोन्ही पोलिसांना सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केलाच नाही, असा तर्क. ते प्रकरण सगळे तिच्या नावानं ओळखतात. मी नाव घेणार नाही, कारण निकालपत्राच्या डोक्यावर आरोपीचं नाव आहे : ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

ते जुनं झालं म्हणावं, तर २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोझिकोडच्या सत्र न्यायालयानं एका लेखकाला अटकपूर्व जामीन देताना लिहिलं की तक्रारदार बाईचा वेशच उत्तेजक होता. दीड वर्ष आधी, २०२१ च्या मार्चमध्ये, सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं की जामिनाच्या आदेशात बाईचे कपडे, वागणं, पूर्वायुष्य आणू नका. केरळ उच्च न्यायालयानं ऑक्टोबरमध्ये तो शेरा खोडला; जामीन मात्र राहिला.

तुम्ही पाठवलेला परिपत्रकाचा फोटो मी तीनदा वाचला. त्यात त्या लॅबचा उल्लेख नाही, माणसाचा नाही, तक्रारीचाही नाही. फक्त पिन आहे. उद्या आणखी एका मुलीला तिथं त्रास झाला तर ती आधी स्वतःचा खांदा चाचपेल, पिन होती का? पिन विसरली असेल तर ती तोंड उघडणार नाही. बर्नरजवळ मॅडमच ओढणी काढायला सांगतात, म्हणजे लॅबमधली प्रत्येक मुलगी नियम मोडूनच उभी असणार. दोन महिन्यांनी एकही तक्रार आली नाही की प्राचार्य म्हणतील, बघा, परिपत्रकाचा उपयोग झाला.

कायद्याचं आता. मुलगी १८ च्या आतली, म्हणजे पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. शाळा-कॉलेजच्या कर्मचाऱ्यानं त्याच संस्थेतल्या मुलीला लैंगिक हेतूनं स्पर्श केला तर तो वाढीव गुन्हा, शिक्षा ५ ते ७ वर्षं. “कपड्यावरूनच तर हात लागला” असं कुणी म्हणालं तर सांगा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ च्या जानेवारीत तसा निकाल दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला. बघायचा तो हेतू, कातडीला कातडी लागली की नाही ते नव्हे. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हाही कलम १९ आणि २१ खाली गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुख गप्प बसला तर एक वर्षापर्यंत कैद. तिच्या बाबांनी तोंडी सांगितलं ते बरंच झालं, पण अर्ज लेखी द्या. तारखा, तास, कुठलं प्रॅक्टिकल चालू होतं ते सगळं घाला. दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. ठाण्यात जायचा धीर होत नसेल तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. जबाब मुलीच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं. आणि हे मला फार आवडतं : जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, असं कलम २४ म्हणतं. हा कायदा मी बऱ्याचदा वाचलाय. कुणी काय घालावं याचा एवढाच नियम मला त्यात सापडला, आणि तो पोलिसांसाठी आहे.

मार्कांचं भय खोटं नाही. कापणार नाहीत अशी हमी मी देणार नाही. पण नुसत्या कुजबुजीवर मार्क कापणं सोपं असतं. शिक्क्याचा अर्ज फाइलला असताना कापायला छाती लागते. बाबांना हे वाचायला द्या.

रांगेतल्या मुलींचं काय करायचं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. गळे बुजवून द्या, शिलाईही घ्या, पोट आहे. फक्त माप घेताना टेप गळ्याशी असतो ना, तेव्हा हळूच विचारा, “लॅबमध्ये तुला कधी त्रास झाला का गं?” मापं देताना मुली बोलतात.

प्रश्न : माझं कपड्यांचं शोरूम आहे, १४ जणांचा स्टाफ, त्यात ९ मुली. काही गिऱ्हाईकं साडी बघायच्या निमित्तानं येऊन मुलींकडेच बघत बसतात, एकदोघांनी नंबरही मागितले. मुलींच्या सुरक्षेसाठी सगळ्यांना फुल बाह्यांचा कुडता आणि वर जॅकेट करायचं ठरवलं, तर बायको म्हणते, “तुम्ही मागासलेले.” ड्रेसकोड आणणं चूक आहे का?

उत्तर : मुळीच नाही. मीच आयुष्यभर ड्रेसकोडमध्ये वावरले. राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना जीन्स-टीशर्ट बंद केले, काही महिन्यांनी जीन्स परत आली. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांचा पोशाख ठरवला. पटो न पटो, तो मालकाचा अधिकार. दुकानाचा रंग दिसावा, गिऱ्हाइकाला स्टाफ ओळखू यावा, म्हणून जॅकेट करा. पुरुषांनाही करा. खिसे ठेवा, मुली दुवा देतील.

कागदावर ‘सुरक्षेसाठी’ तेवढं लिहू नका. लिहिलंत की नंबर मागणारा सुटला आणि जॅकेट विसरलेली सापडली.

आता मी विचारते. तुमच्याकडे अंतर्गत समिती आहे का? १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं ती लागतेच. अध्यक्ष बाई, एक सदस्य बाहेरची. नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. त्याच कायद्यात मालकावर जबाबदारी आहे की कामाच्या जागी संबंध येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बायकांना सुरक्षित ठेवायचं. बाहेरची माणसं म्हणजे तुमची गिऱ्हाईकं. नंबर मागणाऱ्याला “साहेब, साडी घ्यायची नसेल तर निघा” हे सांगणं तुमचं काम आहे, काउंटरवरच्या पोरीचं नाही. लग्नसराईत एक गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या. पुढच्या वेळी मुलगी तुम्हाला हाक मारेल, नोकरी सोडून जाणार नाही.

बायकोला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : माझं वय ७८. आम्ही नऊवारी नेसत होतो, डोईवर पदर असायचा. कुणाची बोट लावायची हिंमत नव्हती. आजच्या मुलींनी अंग झाकलं तर हे प्रकार होतील का? तुम्ही लोक मुलींना भलतीच फूस लावता.

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रागावले नाही. तुमच्या वयाच्या माझ्या आत्याची आठवण झाली. तीही नऊवारीतली, पदर ढळू न देणारी. तीही म्हणायची, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

पण गावच्या यात्रेत गर्दी वाढायला लागली की ती अंबाड्यातला आकडा काढून मुठीत धरायची. टोक बाहेर. मी लहान होते, एकदा विचारलं, “आत्या, आकडा हातात कशाला?”

म्हणाली, “गर्दीत पडतो गं.”